शून्य नायट्रेटने आधी प्रवाळ मरतं, शेवाळ नंतर

घरी खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा टँक, ठेवणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि नवा टँक लावणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तो कधी ना कधी पडतोच. मजकूर साधारण असा: प्रवाळावर शेवाळ आलं म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट ही पोषक द्रव्यं वाढली. शेवाळ प्रवाळाला मारत आहे. दोन्ही आकडे शून्यावर आणा, तीन दिवस दिवे बंद ठेवा, पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, एक टँग मासा सोडा. पंधरा दिवसांत टँक स्वच्छ.

यातल्या जवळपास प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. पण सगळा सल्ला एकत्र पाळला की शेवाळाच्या आधी प्रवाळच दगावतं, आणि ज्याचा टँक उजाड होतो त्याला वाटतं की आपलंच काही चुकलं. हे थांबायला हवं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात "शेवाळ प्रवाळाला मारत आहे" या वाक्यापासून. निरोगी ऊतीवर केसाळ शेवाळ सहसा रुजतच नाही. प्रवाळाच्या पृष्ठभागावरून श्लेष्मा सतत सुटत असतो, सूक्ष्म केस तो पुढे ढकलत असतात आणि त्याबरोबर गाळ आणि शेवाळाचे बीजाणू वाहून जातात. मग फांदीवर जो हिरवा झुपका दिसतो तो कशावर असतो? बहुतेक वेळा उघड्या सांगाड्यावर. ऊती आधी मागे सरकली, कॅल्शियम कार्बोनेटची रिकामी जागा मिळाली आणि शेवाळाने ती बळकावली. म्हणजे पहिला प्रश्न असा हवा की ऊती का सरकली? अल्कलिनिटी, म्हणजे सांगाडा बांधायला लागणाऱ्या कार्बोनेटचं पाण्यातलं प्रमाण, वर-खाली झाली का? दिवा बदलल्यावर प्रकाश एकदम वाढवला का? शेजारचं युफिलिया जातीचं प्रवाळ रात्री लांब दंशतंतू सोडून याला भाजतंय का? फांद्यांच्या बुडाशी पाणी खेळतं का, की तिथे गाळ साचून राहतो? ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळावर त्याला खाणारे चपटे किडे बसलेत का? कारण तसंच ठेवून नुसतं शेवाळ काढलं, तर आठवड्याभराने ते आणखी थोडं वरच्या फांदीवर दिसेल.

दोन गोष्टी शेवाळाचा हल्ला समजून लोकांना उगाच घाबरवतात. सार्कोफायटॉनसारखी मऊ, चामड्यासारखी लेदर प्रवाळं अधूनमधून मिटून बसतात आणि अंगावर मेणासारखा थर आणतात. त्या थरावर तपकिरी-हिरवी बुरशी आल्यासारखी दिसते. काही दिवसांनी थर सुटून जातो, शेवाळही त्याबरोबर जातं. तेव्हा पाण्याचा प्रवाह थोडा वाढवावा आणि त्याला एकटं सोडावं. दुसरी गोष्ट ऑस्ट्रिओबियमची. हे हिरवं शेवाळ दगडी प्रवाळाच्या सांगाड्याच्या आतच राहतं, निरोगी वसाहतीतही. फांदी तोडली की ऊतीच्या खाली हिरवा पट्टा दिसतो तो याचाच. प्रवाळ फिकट पडलं की ऊतीतून आत जास्त प्रकाश पोहोचतो, ऑस्ट्रिओबियम फोफावतं आणि बाहेरून प्रवाळ हिरवट दिसू लागतं. अशा वेळी वरून ब्रशने घासणं म्हणजे आधीच अशक्त असलेल्या ऊतीला सोलणं.

सल्ल्यातलं तथ्यही मान्य करायला हवं, कारण शेवाळ निरुपद्रवी नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ जेनिफर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रवाळ आणि शेवाळ शेजारी ठेवले होते, मध्ये जिवाणूही पार होणार नाहीत इतकी बारीक गाळणी होती. स्पर्श नसतानाही प्रवाळं मेली. पाण्यात ॲम्पिसिलिन हे जिवाणूनाशक औषध घातल्यावर मात्र ती वाचली. अर्थ असा की शेवाळातून पाझरणारी सेंद्रिय द्रव्यं गाळणीपार जातात, त्यावर प्रवाळाच्या अंगावरचे जिवाणू माजतात आणि तेच ऊतीचा बळी घेतात. म्हणून ऊतीच्या कडेला टेकलेलं शेवाळ तसंच ठेवू नये. पण ते काढायचं कसं, हा खरा वादाचा भाग आहे.

आता "शून्यावर आणा". या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच.

प्रवाळाच्या ऊतीत एकपेशीय सूक्ष्म शैवालं राहतात, ज्यांना आपण झूझँथेली म्हणतो. प्रकाशापासून साखर बनवून ती प्रवाळाला पोसतात. त्यांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, इतर कुठल्याही शेवाळासारखाच. पाण्यातून ही द्रव्यं ओढून काढली तर केसाळ शेवाळाइतकीच उपासमार त्यांचीही होते. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या प्रवाळ प्रयोगशाळेने २०१३ आणि २०१७ मध्ये हेच दाखवलं. नायट्रोजन उपलब्ध आणि फॉस्फेट अपुरं अशी स्थिती आली की सहजीवी शैवालं आतून बिघडतात आणि उष्णता किंवा प्रखर प्रकाशाचा ताण आला की प्रवाळ पांढरं पडतं. आपल्या टँकमध्ये नेमकं असंच घडतं: घाबरून फॉस्फेट काढणारं माध्यम भरपूर टाकायचं, फॉस्फेट दोन दिवसांत तळाला, नायट्रेट तसंच. त्यात अल्कलिनिटी डीकेएच या तिच्या एककात ११ च्या वर असेल तर ॲक्रोपोराची टोकं जळतात, आणि त्या उघड्या पांढऱ्या टोकांवर पहिलं कोण येऊन बसतं ते वेगळं सांगायला नको.

"पण खऱ्या प्रवाळखडकाच्या पाण्यात तर ही द्रव्यं जवळपास नसतातच" असं उत्तर लगेच येतं. बरोबर आहे, विरघळलेल्या स्वरूपात ती तिथे अत्यल्प असतात. पण समुद्रात प्रवाळावरून दिवसरात्र प्लवक वाहत असतात आणि फांद्यांमध्ये राहणारे मासे तिथेच विष्ठा टाकतात. अन्नाचा ओघ थांबत नाही, पाण्यात साठा मात्र दिसत नाही. टँकमध्ये हा ओघ नसतो, म्हणून थोडा साठा ठेवावा लागतो. नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात बहुतेक मिश्र रीफ टँक उत्तम चालतात. दोन्हीपैकी एकही तळाला टेकू देऊ नये.

शून्याचं आणखी एक फळ आहे ज्याबद्दल हा सल्ला चकार शब्द काढत नाही: डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव. दोन्ही आकडे शून्य झालेल्या टँकमध्ये तपकिरी, शेंबडासारख्या ताणल्या जाणाऱ्या, बुडबुडे धरून ठेवणाऱ्या दोऱ्या सगळीकडे पसरतात. केसाळ शेवाळ परवडलं म्हणायची वेळ येते. त्यातलं ऑस्ट्रिऑप्सिस विषारी असतं, ते खाऊन गोगलगायी मरतात. तिथे उपाय उलटा करावा लागतो. नायट्रेट-फॉस्फेट मुद्दाम घालून आकडे वर आणायचे आणि ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतं म्हणून यूव्ही (अतिनील) दिवा लावायचा. वाळूत राहणाऱ्या ॲम्फिडिनियमवर यूव्हीचा फारसा उपयोग नाही, कारण ते वाळू सोडून वर येत नाही.

टेस्ट किटच्या शून्याबद्दल एक वाक्य पुरे: शेवाळाने भरलेल्या टँकमध्ये फॉस्फेट शून्य दिसतं कारण ते शेवाळाने शोषलेलं असतं, त्यामुळे त्या आकड्यावरून "पोषण नाही" असाही निष्कर्ष निघत नाही आणि "उपाय लागू पडला" असाही नाही.

शेवाळ नक्की कशाने आटोक्यात राहतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅरिबियन समुद्रात घडलं. १९८३ मध्ये पनामाजवळ लांब काट्यांचा डायडेमा समुद्री अर्चिन अचानक मरू लागला आणि वर्षभराच्या आसपास त्या संपूर्ण प्रदेशातले ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन गेले. जमैकाच्या खडकांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवाळाचं आच्छादन सुमारे ५२ टक्के आणि मोठ्या शेवाळाचं ४ टक्के होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रवाळ ३ टक्के उरलं आणि शेवाळ ९२ टक्क्यांवर गेलं. १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळं मोडली होती, शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच संपले होते आणि शेवटचा चरणाराही गेला. पाण्यातल्या आकड्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व खाणाऱ्या तोंडांना आहे.

म्हणून "एक टँग सोडा" हा मुद्दा दिशेने बरोबर आणि तपशिलात चूक. पिवळा टँग वाढून २० सेंटीमीटरच्या आसपास जातो, त्याला पोहायला शेकडो लिटरचा टँक लागतो. छोट्या टँकमध्ये तो कोंडला जातो, तणावात आजारी पडतो. शिवाय चरणारे प्राणी कोवळं, आखूड शेवाळ खातात. बोटभर लांब केसांना बहुतेक जण तोंड लावत नाहीत. आधी ते हाताने उपटावं लागतं, मग उरलेल्या खुंटांवर ही मंडळी कामाला लागतात. ट्रोकस गोगलगाय चांगली, कारण उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. ॲस्ट्रियाला ते जमत नाही, ती वाळूवर पडल्या जागी मरते. टर्बो गोगलगाय भरपूर खाते पण सैल फ्रॅग, म्हणजे वाढवायला लावलेले प्रवाळाचे छोटे तुकडे, पाडत जाते. टक्सिडो अर्चिन तर फ्रॅग पाठीवर घेऊन फिरतो, म्हणून आधी फ्रॅग पक्के चिकटवा. व्हॅलोनिया या शेवाळाच्या हिरव्या गोळ्यांसाठी एमराल्ड खेकडा. सी हेअर हा गोगलगायीचा समुद्री भाऊबंद केसाळ शेवाळाचा फडशा पाडतो, पण शेवाळ संपलं की उपाशी मरतो. त्याला पुढचं घर शोधून ठेवल्याशिवाय आणणं हा त्या जिवावर अन्याय आहे.

तीन दिवस अंधार? सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे दिसणारे जिवाणू) आणि काही डायनोफ्लॅजेलेटवर याचा परिणाम होतो. केसाळ शेवाळ मलूल होतं आणि दिवे लागताच परततं. निरोगी प्रवाळं तेवढा अंधार सहसा सोसतात, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. प्रकाशसंश्लेषण थांबल्याने ऑक्सिजन आणि पीएच उतरतो, म्हणून पृष्ठभागावर पाणी खळाळतं ठेवायचं. आणि प्रवाळ अंधारात सांगाडा फार हळू बांधतं. अल्कलिनिटी भरून काढणारा डोसिंग पंप मात्र रोजचाच डोस टाकत राहतो, त्यामुळे अल्कलिनिटी चढत जाते. अंधाराने प्रवाळ गेलं असं म्हणतात, तेव्हा कित्येकदा खरं कारण हे असतं.

पेरॉक्साइड टँकच्या पाण्यात ओतू नका. स्वच्छता करणारी लिस्माटा कोळंबी त्याला फार नाजूक असते. शिवाय मेलेलं शेवाळ आतच सडलं तर त्यातलं सगळं पोषण पाण्यात परत येतं. ३ टक्के पेरॉक्साइडचा योग्य वापर टँकबाहेर होतो. फ्रॅग उचलून टँकच्याच पाण्याच्या वाटीत धरा, चिमट्याने केस उपटा, प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) टूथब्रशने घासा, मग फक्त उघड्या दगडावर थेंबाने पेरॉक्साइड लावा, ऊतीला लागू देऊ नका, थोड्या वेळाने खळबळून परत ठेवा. टँकमध्येच उपटायचं असेल तर पंप बंद करून सायफनची नळी बोटांशी धरा, कारण ब्रायोप्सिसचा सुटलेला तुकडा जिथे पडेल तिथे नवं रोप होतं. त्या पिसासारख्या शेवाळावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक औषध चालतं, इतरांवर त्याची तशी खात्री नाही, म्हणून ओळख पटल्याशिवाय औषध नको. मेलेली फांदी जिवंत ऊतीच्या थोडी आतून कापून टाका. कापता येत नसेल तर उघडा सांगाडा जेलसारख्या सुपरग्लूने झाका.

राहिले पंधरा दिवस. टँकमधले खडक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि ते फॉस्फेट धरून ठेवतात. पाण्यातलं कमी केलं की खडकातलं हळूहळू सुटतं, म्हणून आकडा उतरतो आणि पुन्हा चढतो. ही देवाणघेवाण काही महिने चालते. फॉस्फेट काढणारं माध्यम सांगितलेल्या मात्रेच्या थोड्याच भागाने सुरू करा आणि दर काही दिवसांनी मोजा. त्या काळात दर आठवड्याला त्याच कोनातून, पांढऱ्या प्रकाशात, त्याच प्रवाळाचा फोटो काढा आणि ऊतीची कड पाहा. ती सांगाड्यावर पुन्हा पुढे सरकत असेल, तर शेवाळ अजून किती दिसतंय यावरून उपाय बदलू नका.