पंचवटीकर काका, कीव कशाला करता तिची?

काका, नमस्कार. एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत, थँक्यू. (काका म्हणते कारण रिटायर होऊन नातवंडं सांभाळतो असं तुम्हीच लिहिलंय.) उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी, मी ॲलिसन हेज या हॉलिवूडच्या बी ग्रेड सिनेमातल्या नटीवर लिहिलं होतं. त्यावर काकांचं म्हणणं असं की फाळक्यांच्या नाशकात राहून असल्या बायकांवर कशाला लिहायचं, टॅलेंट असतं तर दहा-अकरा वर्षांत गाशा गुंडाळावा लागला नसता, आणि शेवटी ती घेत असलेल्या कॅल्शियम पावडरीत शिसं निघाल्याचं जे लिहिलंय ती नैसर्गिक औषधांची बदनामी आहे. वर "बिचारीची कीव येते" आणि "मुलांनी वाचलं तर" हेही आहेच.

मला सगळ्यात जास्त ती कीव खटकली. 1954 ला युनिव्हर्सल स्टुडिओने घेतली तेव्हा हिची ओळख काय, तर 1949 च्या मिस अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीकडून उभी राहिलेली मुलगी, बस. 'साइन ऑफ द पेगन'मधे हूणांचा राजा अटिला याला मारणारी इल्डिको झाली, त्याच शूटिंगमधे बरगड्या मोडल्या, आणि या चोवीस वर्षांच्या पोरीने सरळ युनिव्हर्सलवर केस टाकली! काँट्रॅक्ट गेलं ते असं. आजही आपल्याकडे सिरीयलच्या सेटवर नव्या मुलीचा पाय मुरगळला तर ती क्रेप बँडेज बांधून शॉट द्यायला उभी राहते, कारण बोललं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील ही भीती. तेव्हा टॅलेंट नव्हतं म्हणून बाहेर पडली हे काही पटत नाही. पुढे कोलंबिया स्टुडिओ, मग स्वस्तात सिनेमे काढणारा रॉजर कॉर्मन, तिथे 1956 च्या 'गनस्लिंगर'ला घोड्यावरून पडून हात मोडला, बरा होईपर्यंत काम बंद. आणि तरी 1957 च्या एका वर्षात कुठे झोंबींचा सिनेमा, कुठे चेटकीण, मिळेल ते करत राहिली. दिवसांवर आणि पैशांवर नजर ठेवून उरकलेले सिनेमे हो, रीटेक मागायची सोयच नाही.

आता 1958 चा 'अटॅक ऑफ द 50 फूट वुमन'. नवरा बाहेरख्याली, बायको पैसेवाली आणि पिणारी, तिला परग्रहावरचा राक्षस भेटतो आणि ती पन्नास फुटी होते. ट्रिक फोटोग्राफी इतकी गरीब की ही अवाढव्य बाई गावातून चालते तेव्हा तिच्या आरपार मागचं सगळं दिसतं, मलमलचा पडदा चालत आल्यासारखं. पोस्टरवर ती हायवेवर दोन्ही बाजूंना पाय रोवून गाड्या उचलतेय, तो सीन सिनेमात नाहीच! पण डायरेक्टर कोण होता माहितीये? नेथन जुरान. 1941 च्या 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'च्या कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळालेला माणूस. त्याने या सिनेमाला नाव लावलं नेथन हर्ट्झ. त्याला नाव लपवता आलं. हिचा तर चेहराच पोस्टरवर, ती कुठे लपवणार? मग साठ वर्षांनी तुम्ही-आम्ही हसतो ते तिलाच, त्याला कोणी बी ग्रेड म्हणत नाही. काका, यात थोडा अन्याय नाही का?

आणि फाळक्यांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून. 'राजा हरिश्चंद्र'ला तारामती व्हायला बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंकेंना साडी नेसवली, कारण बोर्डावर उभी राहणारी बाई म्हणजे "असली" बाई. तुमच्या कमेंटमधला तोच शब्द, 1913 पासून चालत आलेला. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मधे उभ्या राहिल्या तेव्हा कुठे कोंडी फुटली. बाकी ट्रिक सीनचं वेड फाळक्यांइतकं कोणाला होतं? 1919 च्या 'कालियामर्दन'मधे स्वतःच्या लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण करून नागाशी झुंजवलं. मला तर वाटतं पन्नास फुटी बाई त्यांनी पहिल्या रांगेत बसून बघितली असती आणि मग ट्रिक कुठे फसली ते सांगत बसले असते.

आता पावडर. काका, ती नैसर्गिकच होती हो, तोच तर घोळ! जनावरांच्या हाडांची पूड. शिसं अंगात गेलं की शरीर त्याला कॅल्शियमसारखंच वागवतं आणि हाडात साठवत जातं, माणसाचं काय, जनावराचं काय. ते हाड दळून गोळी केली की शिसं तुमच्या पोटात. हिला डॉक्टरनेच सप्लिमेंट दिलं होतं. दुखणं वाढत गेलं, हातात काठी आली, 1965 ला एल्व्हिससोबत 'टिकल मी' केला तो शेवटचा सिनेमा, आणि डॉक्टरांना काही केल्या निदान होईना. मग ही बाई स्वतः धातूंच्या विषबाधेवरची पुस्तकं घेऊन बसली, कारखान्यातल्या कामगारांची लक्षणं आपल्याशी ताडून बघितली आणि त्या सप्लिमेंटची तपासणी करून घेतली. शिसं निघालं. मग लागली अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध प्रशासनाच्या, मागे. 1977 ला अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधे डॉ. विल्यम क्रॉस्बींचा अशाच शिसेयुक्त हाडपुडीवर लेख आला, आणि 1980 नंतर एफडीएने लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ही पूड टाळावी असं सांगितलं. शिशामुळेच तिला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झाला असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत वाचून बघा. ती गेली 27 फेब्रुवारी 1977 ला, सत्तेचाळीस पूर्ण व्हायला आठवडा बाकी असताना. (हो, आपण तात्यासाहेब शिरवाडकरांची जयंती करतो तीच तारीख.)

राहिला प्रश्न "मुलांनी वाचलं तर". वाचू दे की. सिनेमा पण दाखवा, सव्वा तासाच्या आत संपतो, आणि तो भलामोठा खोटा हात खोलीत शिरतो तेव्हा तुमचा नातू खोखो हसेल, लिहून देते.