गच्चीवरचं हेलिपोर्ट आणि खालचा फुटपाथ

मुंबईच्या ट्रॅफिकवर हवाई टॅक्सीचा उतारा निघाला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी हमखास लिहितं, "न्यूयॉर्कला बघा, उंच इमारतींवरून हेलिकॉप्टरं उडतात!" मी न्यूयॉर्कला राहतो म्हणून मग माझ्याकडे साक्ष मागितली जाते. उडत होती, हे खरं. पुढचं कुणी विचारत नाही.

ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावरची ५९ मजली मेटलाइफ इमारत १९६३ साली उभी राहिली तेव्हा तिच्यावर पॅन अ‍ॅम या विमान कंपनीचं नाव होतं. डिसेंबर १९६५ मध्ये तिच्या गच्चीवरून केनेडी विमानतळाला हेलिकॉप्टर सुरू झालं. काही मिनिटांत विमानतळ! पण धंदा परवडेना, १९६८ मध्ये गाशा गुंडाळला. फेब्रुवारी १९७७ मध्ये पुन्हा सुरुवात झाली, तीही जेमतेम तीन महिने टिकली.

१६ मेची संध्याकाळ. हेलिकॉप्टर उतरून उभं होतं, पाती फिरत होती, प्रवासी चढत होते. सततच्या ताणाने तडा गेलेला चाकाचा आधार मोडला आणि ते धूड जागच्या जागी कलंडलं. गच्चीवरचे चार प्रवासी गेले. पात्याचा तुकडा पार खाली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर पडला आणि पायी चाललेली एक बाई गेली. तिने कुठलंही तिकीट काढलेलं नव्हतं. हेलिपोर्ट कायमचं बंद झालं.

अंटिलियाच्या हेलिपॅडवरून २०१० च्या सुमारास आपल्याकडे गदारोळ झाला. नौदलाने हरकत घेतली, पर्यावरण मंत्रालयाने आवाजाचा मुद्दा काढला, बाकीच्यांनी श्रीमंतीवर तोंडसुख घेतलं. खालून चालणाऱ्याबद्दल कुणी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

मॅनहॅटनमध्ये आजही पैसेवाले हेलिकॉप्टरने फिरतात, पण तिन्ही सार्वजनिक हेलिपोर्टं नदीकाठी आहेत, आणि तिथल्याही आवाजाला लोक कावलेत. माझ्यासारखे ग्रँड सेंट्रलच्या पोटातून जातात. २०२३ मध्ये तिथे लाँग आयलंड रेल्वेचं भुयारी स्थानक उघडलं. क्वीन्समधल्या जमैका स्टेशनला उतरायचं, बॅगा ओढत एअरट्रेन ही विमानतळाची गाडी गाठायची, की केनेडी. अब्जावधी डॉलर गिळून आणि वर्षानुवर्षं रखडून झालेलं काम आहे, त्याचं कौतुक मी बेतानेच करतो. तरी रोज हजारो माणसं त्यातून जातात, त्या हेलिकॉप्टरात किती मावत असतील?

आपली मेट्रो ३ आता विमानतळावरून थेट कफ परेडला जाते. आरेतल्या कारशेडवरून रान पेटलं, काम रेंगाळलं, पण झाली. त्यामुळे हवाई टॅक्सीवाल्यांना माझा एकच प्रश्न : उतरणार कुठे? जुहूला किंवा समुद्रकाठी म्हणत असाल तर बसून बोलू. इस्पितळाच्या गच्चीवर जीव वाचवायला उतरत असेल तर धोकाही पत्करू. पण हॉटेलच्या गच्चीवर पाहुणे उतरवायचे असतील, तर आधी सकाळी साडेनऊला लोअर परळ स्टेशनबाहेर उभं राहून गर्दी बघून या.