वाघामागे पळणाऱ्या जिप्सीत जंगल पाहायचे कसे?

विदर्भातल्या व्याघ्र प्रकल्पांत सफारीला जाणे आता मला असह्य होऊ लागले आहे. उन्हाळ्यातल्या 45 अंशांची, पहाटेच्या अंधारात उठण्याची किंवा कित्येक आठवडे आधी करून ठेवाव्या लागणाऱ्या आरक्षणाची माझी तक्रार नाही. जंगलासाठी हे सगळे मी आनंदाने सोसते. मला संताप येतो तो सोबत आत शिरणाऱ्या गर्दीचा. फाटक उघडते, एकामागून एक जिप्सी धुरळा उडवत आत जातात, आणि पुढचे तीन-चार तास त्या गाड्यांमधल्या बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: वाघ कुठे आहे? वाघ नसलेला प्रत्येक रस्ता, प्रत्येक पाणवठा आणि प्रत्येक प्राणी त्यांच्या लेखी वेळेचा अपव्यय असतो.

ताडोबाचेच घ्या. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले, पुढे अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झालेले हे जंगल गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा मिळून सतराशे चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. साग, ऐन, धावडा, तेंदू, बिजा आणि मैलोन्‌मैल बांबू. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले टपटपत असतात आणि ती वेचायला चितळ झाडाखाली येतात, अस्वलेही येतात. पाने गळून गेल्यावर भुत्याची पांढरी खोडे उन्हात उठून दिसतात. तलावात मगरी आहेत. पाण्याकाठी स्वर्गीय नर्तकाचा नर आपली लांबलचक पांढरी शेपटी मिरवत बुडी मारून जातो, आणि पावसाच्या तोंडावर नवरंग शीळ घालू लागतो. ज्याच्या नावावरून या जंगलाला नाव पडले असे सांगतात, त्या वाघाशी झुंजताना मरण पावलेल्या तारू नावाच्या गोंड प्रमुखाचे ठाणे तलावाच्या काठी आहे आणि आदिवासी त्याला देव मानतात. यातले काहीही पाहायचे असेल तर गाडी थांबावी लागते, इंजिन बंद करावे लागते आणि माणसांनी तोंड बंद ठेवावे लागते. सध्या या तिन्ही गोष्टी मिळणे वाघ दिसण्यापेक्षाही दुर्मीळ झाले आहे.

एका व्याघ्र प्रकल्पात (नाव घेत नाही, कारण हे सगळीकडेच चालते) सकाळच्या फेरीत रस्त्यालगतच्या कोरड्या नाल्यात रानकुत्र्यांची टोळी दिसली. नुकतीच शिकार झाली होती. मोठी जनावरे बाजूला उभी होती आणि पिल्ले आधी खात होती. रानकुत्र्यांत पिल्लांना पहिला मान असतो, हे पुस्तकांतून वाचलेले डोळ्यांसमोर घडत होते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत रानकुत्रा वाघाच्याच वर्गात, म्हणजे संकटग्रस्त प्राण्यांत मोडतो. आणि गाडीतल्या इतर चौघांनी काय करावे? एकाने विचारले, “ही कुत्री बघायला आलोय का आपण?” दुसऱ्याने चालकाच्या खांद्यावर थाप मारून गाडी पुढे घ्यायला सांगितले. मी विनवले, “दादा, पाच मिनिटे थांबा.” चालक ओशाळून म्हणाला, “ताई, तिकडे कॉल सुरू आहे, इथे थांबलो तर सगळे मलाच बोलतील.” गाडी गेली. पुढे ज्या वळणावर कॉल, म्हणजे वाघाच्या चाहुलीने इतर प्राण्यांनी दिलेले इशारे, सुरू असल्याचे सांगत होते, तिथे आधीच दहा-बारा गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कुणी टपावर चढले होते, कुणी चिवड्याची पिशवी फोडत होते, आणि अर्थातच तिथे वाघ नव्हता. पंधरा मिनिटे धूळ आणि गाड्यांचा धूर खाऊन आम्ही परतलो. मी ते पिल्लांचे खाणे मात्र कायमचे गमावले.

वाघ दिसल्यावर तर जे होते ते पाहवत नाही. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर 2012 मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने पर्यटनासाठी नियम घालून दिले. प्राण्यापासून किमान 20 मीटर अंतर ठेवायचे, दोन गाड्यांमध्ये 50 मीटरांचे अंतर सोडायचे, प्राण्याला घेरायचे नाही, एकाच ठिकाणी पंधरा मिनिटांहून जास्त वेळ अडून राहायचे नाही. हे नियम फाटकावरच्या माणसाला पाठ असतात, गाइडला पाठ असतात आणि चालकालाही. तरीही वाघीण रस्ता ओलांडू लागली की मागच्या गाड्या पुढे घुसतात, पुढच्या मागे रेटतात, आणि त्या बिचारीला जायला वाट उरत नाही. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात 31 डिसेंबर 2024 रोजी एफ-2 ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह जात असताना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिचा रस्ता अडवला. ती चित्रफीत राज्यभर फिरली, चालक-गाइडांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बछड्यांसोबतच्या वाघिणीला कोंडू नये, हे कळायला न्यायालय लागावे? आपल्या लेकरांना घेऊन निघालेल्या आईभोवती कुणी गाड्यांचे कडे केले असते, तर आपण त्याला गुंडगिरी म्हटले असते. त्याच माणसांनी घरी येऊन हेच फोटो ‘निसर्गप्रेम’ म्हणून लावले, याचा मला मनापासून राग येतो.

ही हाव वाघाला नट बनवण्यातून वाढली आहे. वाघांना नावे द्यायची, त्यांच्या वंशावळी पाठ करायच्या, अमुक वाघीण कोणत्या फाटकावर ‘चालू’ आहे याची विचारपूस करायची, आणि ती नाही दिसली तर पैसे परत मागण्याच्या सुरात बोलायचे. नागझिऱ्याहून चालत उमरेड-करांडल्यात आलेला जय नावाचा वाघ आठवा. त्याच्या दर्शनासाठी लोकांनी त्या छोट्याशा अभयारण्यात रांगा लावल्या. एप्रिल 2016 नंतर तो दिसेनासा झाला आणि आजतागायत त्याचा पत्ता लागला नाही. त्याच्यासाठी आलेल्या किती जणांनी नंतर त्या जंगलाचे काय झाले, तिथले गवताळ पट्टे टिकले का, वाघांना एका जंगलातून दुसऱ्यात जायला वाट उरली का, याची चौकशी केली? ज्या जंगलात जय राहिला ते जंगल त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

गाइड आणि चालकांना मी एका मर्यादेपर्यंतच दोष देते. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या फाटकांवर काम करणारी ही आसपासच्या गावांतली तरुण मुले-मुली आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना पायाचा ठसा किती जुना आहे, वानराचा इशारा खरा की खोटा, हे ज्ञान आजोबांकडून मिळालेले आहे. मी विचारले तर एका गाइडने अर्धा तास फक्त वाळवीच्या वारुळांबद्दल आणि अस्वल ती कशी फोडते त्याबद्दल सांगितले होते, आणि सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. पण हातावर बक्षिसी पडते ती वाघ दिसला तरच. वाघ न दाखवलेल्या गाइडशी लोक निरोप घेतानाही बोलत नाहीत, हे मी पाहिले आहे. ‘हमखास वाघ’ असे सांगून खोल्या विकणारी रिसॉर्टे त्यात भर घालतात. हमखास! जंगलात हमखास काही असते का? हे खोटे आश्वासन विकणाऱ्याचे काही बिघडत नाही, त्याचे ओझे त्या अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर येते, आणि मग तो नियम मोडून गाडी दामटतो.

मेळघाटाबद्दल तर लोक जे बोलतात ते ऐकून अंगाचा तिळपापड होतो. “काहीच दिसत नाही तिथे.” 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी ते एक आहे. जो रानपिंगळा 1884 नंतर शंभराहून अधिक वर्षे कुणालाच सापडला नव्हता आणि नामशेष झाला असे मानले जात होते, तो 1997 मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्यात पुन्हा सापडला, आणि आज ज्या मोजक्या जंगलांत तो टिकून आहे त्यांत मेळघाट आहे. महाराष्ट्राच्या दऱ्याखोऱ्यांत जगातले इतके दुर्मीळ घुबड राहते आणि आपण म्हणतो, काहीच दिसत नाही! चिखलदऱ्याच्या पठारावरून खाली पसरलेल्या डोंगररांगा, गव्यांचे कळप, कोरकू गावांमधली शेते, यांपैकी एकही गोष्ट मोजली जात नाही, कारण त्यांना पट्टे नाहीत.

पायी फिरण्याची गोष्ट तर काढायचीच सोय उरलेली नाही. गाभा क्षेत्रात माणसाने पायी जाऊ नये हे योग्यच आहे, आणि ते पाळलेही पाहिजे. पण बफरमध्ये, सुरक्षित पट्ट्यांत, जाणत्या गाइडसोबत पाच-सहा जणांनी सकाळी दोन तास चालत झाडे, कीटक, पक्षी, विष्ठा, नखांचे ओरखडे पाहत फिरावे, अशी सोय मागितली की समोरचा आश्चर्याने बघतो आणि म्हणतो, “चालून काय बघणार? वाघ तर दिसणार नाही.” मागणी जिप्सीची, म्हणून गुंतवणूक जिप्सीत, म्हणून रस्ते जिप्सीचे. वाघाव्यतिरिक्त काही पाहू इच्छिणाऱ्याने जायचे कुठे?

आणि हे सारे ज्यांच्या जिवावर चालते, त्यांचा विचार कुणाच्या मनात येत नाही. ताडोबाच्या गाभ्यातून जामणी, नवेगाव यांसारखी गावे उठून बाहेर गेली. चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडायला, मोह वेचायला, शेतावर गेलेली माणसे दर वर्षी वाघाच्या हल्ल्यात मरतात. देशात 2006 मध्ये 1,411 असलेला वाघांचा अंदाज 2022 मध्ये 3,682 वर गेला, त्याची किंमत या लोकांनी मोजली आहे. ते जंगलात शिरताना आवाज करत नाहीत, कारण तो त्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. त्याच जंगलात शहरातला माणूस जिप्सीत उभा राहून शिट्ट्या मारतो.

काही घडले की शिक्षा कुणाला होते, तेही पाहा. चालक निलंबित, गाइड निलंबित, गाडीला काही दिवस प्रवेशबंदी. गावातल्या घराची चूल थंड पडते. “घे रे पुढे, जास्तीचे देतो,” असे मागून ओरडणारा पर्यटक मात्र त्याच संध्याकाळी नागपूरहून विमानात बसतो आणि पुढच्या हंगामाचे आरक्षण करतो. आरक्षण करताना प्रत्येक पर्यटकाच्या ओळखपत्राचा क्रमांक घेतला जातो. कोणत्या फेरीत, कोणत्या गाडीत कोण बसले होते, हे वन विभागाच्या नोंदीत असते. चित्रफितीत चेहरेही दिसतात. मग त्या क्रमांकांवर पाच वर्षांची बंदी का घातली जात नाही? गाडीतल्या सहाही जणांवर घाला, राज्यातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांसाठी घाला, आणि ज्याने जादा पैशांचे आमिष दाखवले त्याच्याकडून चालकाच्या बुडालेल्या मजुरीइतका दंड वसूल करून तो त्या चालकाच्या घरी पोहोचवा.