काका, नाव लपवून पोरं वाचणार नाहीत

काका, तुमची कमेंट वाचली. एनबोम या ड्रगचं नाव इथल्या पोरांना ठाऊकच नव्हतं, मी लेख लिहून त्याची फुकट जाहिरात केली, गोव्याची बदनामी केली, लेख काढून टाका, असं तुमचं म्हणणं. नातवंडं कॉलेजात असलेल्या माणसाला राग येणारच, पण मला हे अजिबात पटत नाही.

एनबोम कुणी एनबोम म्हणून मागतच नाही हो! ते ॲसिड म्हणून, म्हणजे एलएसडी या जुन्या, भास घडवणाऱ्या ड्रगच्या नावाने खपवलं जातं. तोच ड्रग मुरवलेला नखाएवढा रंगीत कागद, तीच चित्रं. एलएसडीसारखंच हेही मायक्रोग्रॅममध्ये चढतं म्हणून एवढ्याशा कागदावर मावतं आणि विकणाऱ्याचं फावतं. म्हणजे नाव माहीत नसलं म्हणून पोरगा त्यापासून लांब राहत नाही, आपण काय घेतोय एवढंच त्याला कळत नाही.

हे बनवलं राल्फ हाइम या केमिस्टने, २००३ साली, बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत पीएचडी करताना, मेंदूत सेरोटोनिन हे रसायन जिथे चिकटतं त्या एका रिसेप्टरचा अभ्यास करायला. माणसाने खायला नव्हे. २०१० च्या सुमारास ते इंटरनेटवर विकायला आलं, मग पोरं मेल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी २५आय, २५बी, २५सी हे एनबोमचे तीन प्रकार ड्रग्जच्या सगळ्यात कडक यादीत टाकले.

'ॲसिडने कोण मरतं' ही समजूत पार्टीवाल्यांत घट्ट बसलीय, आणि घात तिथेच होतो. एलएसडीच्या विषबाधेने मरण खरंच दुर्मिळ आहे, पण एनबोममध्ये रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आणि नाडी चढते, अंग भट्टीसारखं तापतं, माणूस आवरत नाही, फिट्स येतात, स्नायू आतून तुटायला लागतात आणि त्याचा भार किडनीवर येतो. नशा आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं, त्यात कागदावर ड्रग सगळीकडे सारखं पसरलेलंही नसतं, म्हणून एकाच शीटमधला एक तुकडा घेणारा नाचत राहतो आणि दुसरा आयसीयूत जातो. यावर उतारा नाही. डॉक्टर शांत करणारी इंजेक्शनं देतात, अंग थंड करतात, सलाईन लावतात, म्हणून वेळेवर पोचणं हाच काय तो इलाज.

आणि नेमकी ती वेळ वाया जाते. मित्र घाबरतात, पोलिस येतील म्हणून खोलीत कोंडून ठेवतात, लिंबूपाणी पाजत बसतात. फिट येऊ शकणाऱ्या माणसाला तोंडातून काही द्यायचं नाही! धरून दाबायचं नाही, कुशीवर ठेवायचं, १०८ ला फोन करायचा आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या हॉस्पिटलात काय घेतलं ते खरं सांगायचं, कागद उरला असेल तर सोबत न्यायचा. तोंडात कागद कडू लागला, जीभ बधिर झाली तर लगेच थुंकून टाकायचा. कडू नाही लागला म्हणजे सेफ, असंही नाही.

आता बदनामीचं. हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांत काय चालतं ते जगाला माझ्या लेखाआधीपासून माहीत आहे, माझ्या गप्प बसण्याने गोव्याचं नाव सुधारणार नाही, विकणाऱ्याला मात्र ते सोयीचं होईल. लेख मी काढत नाही. त्यात १०८ चा भाग शेवटी गेला होता, तो आज सगळ्यात वर घेतलाय.