गच्चीवरचा टॉवर झाकायचा कसा?

सर्वसाधारण सभेत टॉवरला विरोध करणारा हात आणि ‘आतल्या खोलीत रेंज येत नाही हो’ म्हणत मोबाइल उंचावणारा हात बहुधा एकाच माणसाचे असतात. त्याला दोष देऊ नका. त्याची मागणी सरळ आहे: नेटवर्क हवं, टॉवर दिसायला नको. तुम्ही कमिटीवर असाल तर ही मागणी पुरवणं हे तुमचं कर्तव्य, आणि मोबाइल कंपनीच्या भाड्यातून वॉटरप्रूफिंगचा खर्च निघणार असेल तर पुण्यकर्मसुद्धा. ठरावात मात्र ‘टॉवर’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘गच्चीवरील सुशोभीकरण’ असं लिहा. सुशोभीकरणाला सहसा कोणी हरकत घेत नाही, कारण ते सहसा कुठे दिसतच नाही.

या कलेत अमेरिकेने आघाडी घेतली. नकली खडक आणि देखावे बनवणाऱ्या ॲरिझोनातल्या लार्सन कंपनीने १९९२ साली डेन्व्हरमध्ये टॉवरचं पाइनचं झाड केलं. पुढे १९९६ च्या दूरसंचार कायद्याने तिथल्या नगरपालिकांना बजावलं की टॉवरच्या रेडिओलहरी केंद्र सरकारने ठरवलेल्या मर्यादेत असतील तर त्यांच्या परिणामांचं कारण सांगून टॉवर नाकारता येणार नाही. मग हरकतीला उरलं काय? रूप! तेव्हापासून तिथे पाइन उगवले, वाळवंटात निवडुंग उगवले, चर्चच्या मनोऱ्यात अँटेना बसले, झेंड्याचे खांब अंमळ जाड झाले. हरकत रूपावर, म्हणून उपायही रूपावर. लहरी होत्या तिथेच राहिल्या. हे सूत्र एकदा समजलं की पुढचं काम फॅब्रिकेटर आणि रंगाऱ्याचं.

आपल्याकडे पाइन शोभणार नाही, म्हणून कुणीतरी माड सुचवेलच. ऐकू नका. खोड पोलादाचं, साल साच्यातून काढलेली, झावळ्या प्लास्टिकच्या: इथवर ठीक आहे. पण माडाचा शेंडा आटोपशीर असतो. त्यात एका कंपनीचे तीन दिशांचे तीन अँटेना कसेबसे लपतात. दुसरी कंपनी त्याच खांबावर भाडेकरू म्हणून आली की तिचे अँटेना शेंड्याखाली, उघड्या खोडावर येतात आणि झाडाला नारळांऐवजी भिंतीवरची कपाटं धरतात. उन्हाने झावळ्या पांढरट पडतात, पावसाळ्यात खोडावर शेवाळ चढतं. शेंड्यातून वीजरोधकाचा दांडा बाहेर काढावाच लागतो, आणि उंचीमुळे विमानांसाठी लाल दिवा सक्तीचा झाला तर तोही झाकता येत नाही. वादळात आसपासचे माड वाकत असताना हा एकटा ताठ उभा. शिवाय सात मजली इमारतीच्या गच्चीवर माड रुजला कसा, हे लहान मुलं विचारणार ते विचारणारच.

म्हणून पाण्याची टाकी. शहरी माणसाच्या नजरेला गच्चीवरची टाकी दिसतच नाही. ती भरली नाही तरच आठवते. सेक्टर अँटेना साधारण दोन मीटर उंच आणि फूटभर रुंद असतो. प्रत्येकी १२० अंशांचा भाग सांभाळणारे असे तीन अँटेना, मागे रेडिओ युनिट आणि हात घालायला जागा, असं धरलं तर अडीच मीटर व्यासाचं आणि तीन मीटर उंचीचं नळकांडं लागेल. ते एफआरपीचं, म्हणजे आपल्या बोलीत फायबरचं, असलं पाहिजे. तीन-चार मिलिमीटरच्या चांगल्या फायबरमधून लहरी फारशा न अडता जातात. अँटेनाच्या तोंडासमोर पत्रा, जाळी, लोखंडी शिडी, जीआय पाइप यांतलं काहीही नको. खरं वाटावं म्हणून ओव्हरफ्लोचा पाइप लावायचा असेल तर पीव्हीसीचा लावा. समोरच्या भागातले नटबोल्टसुद्धा नायलॉनचे किंवा फायबरचे घ्या.

एवढं सगळं नीट झाल्यावर घात करतो तो रंगारी. जिन्याच्या रेलिंगचा उरलेला चंदेरी ॲल्युमिनियम रंग तो आपुलकीने टाकीला मारतो. त्या रंगात धातूचे कण असतात. लहर अडते, काही परत अँटेनावर आदळते. तीन डेसिबलचा तोटा झाला की निम्मी शक्ती जागच्या जागी गेली. मग रेंज का गेली म्हणून सगळी सोसायटी कंपनीला फोन करते, आणि फोन लागत नाही.

खऱ्या टाकीला वजन असतं ते पाण्याचं. पाच हजार लिटरची टाकी भरली की पाच टन; वारा तिला काय हलवणार? तुमची टाकी पोकळ, नुसतं फायबर पाहिलं तर दोनेकशे किलोची. आय.एस. ८७५ या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, पुण्यासाठी ३९. मुंबईच्या वेगाला दर चौरस मीटरमागे सुमारे ११८ किलोचा दाब येतो. गोल आकाराची सवलत धरूनही तुमच्या टाकीला सहाशे किलोच्या आसपास आडवा धक्का बसेल, आणि उंच इमारतीवर त्याहून जास्त. तेव्हा सांगाडा कॉलमवर आणि बीमवर टेकवा, स्लॅबवर नको. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. नाहीतर पहिल्याच वादळात टाकी समोरच्या सोसायटीत जाईल आणि तिथल्या कमिटीला सुशोभीकरण फुकटात मिळेल.

फाइव्ह-जीचं युनिट आलं की उष्णतेचा प्रश्न येतो. ते शेकडो वॅट खातं आणि त्यातला बराच भाग उष्णता म्हणून बाहेर टाकतं. त्याच्या पाठीवरच्या, उष्णता सोडणाऱ्या पात्यांना मोकळी हवा लागते. बंद टाकीत, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता ते स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतं किंवा बंद पडतं. म्हणून खाली आणि वर झरोके ठेवा. झरोके ठेवले की कबुतरं येतील. त्यांच्यासाठी नायलॉनची जाळी लावा. तारेची लावलीत तर मागचे तीन परिच्छेद फुकट गेले.

बॅटऱ्या, ४८ व्होल्टचा पुरवठा आणि जनरेटर यांना लिफ्टच्या मशीनरूमशेजारी खोली द्या. आवाजाला मात्र कोणताही मुखवटा बसत नाही. रात्री वीज गेल्यावर घरघर ऐकू आली की ‘लिफ्टचं काम चाललंय’ सांगा. लिफ्टचं काम कायमच चाललेलं असतं.

किरणांचा प्रश्न निघेलच. तेव्हा खरी आकडेवारी मुळीच सांगू नका, सभा लवकर संपेल. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॅट आहे. शंका असलेल्याला सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर चार हजार रुपये भरून मोजणी मागवता येते. ती मागवायची म्हटली की वर्गणीचा विषय निघतो आणि शंका आपोआप मिटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ असलेल्या २-ब गटात टाकलं, हे कोणीतरी गंभीर आवाजात वाचून दाखवेल. त्याच गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कही आहे. वाचणाऱ्याच्या बाल्कनीतल्या कुंडीकडे बघू नका.

सर्वांत मोठा आवाज वरच्या मजल्यावरून येतो आणि तिथेच झोत सर्वांत क्षीण असतो. अँटेनाचा झोत सपाट, समोर जाणारा असतो. ३० मीटर उंचीवरचा अँटेना सहा अंश खाली कललेला असेल तर झोताचा मध्य जमिनीला टेकतो साधारण २८५ मीटरवर. बरोबर खालच्या फ्लॅटला उरतं ते उष्टं, म्हणून तिथे कधीकधी रेंजही येत नाही. विरोध करायचाच तर तो समोरच्या, तेवढ्याच उंचीच्या इमारतीने करायला हवा. पण त्यांना तर टाकी दिसते. टॉवर हाकलून लावलात तरी शरीराजवळचा मोबाइल दूरचा टॉवर गाठायला आपली शक्ती वाढवतो. हा मुद्दा खिशाशी संबंधित असूनही कुणाला आवडत नाही.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. अँटेनाच्या अगदी तोंडासमोरच्या काही मीटरांत उभं राहायचं नसतं. तसा इशारा देणारा फलक लावावा लागतो. उघडा टॉवर पाहून माणूस आपसूक लांब राहतो. टाकीला तो पाठ टेकतो, शिडी लावतो, तिच्या सावलीत पापड वाळत घालतो. केबल दुरुस्त करायला आलेल्या पोराला तर कोणीच काही सांगितलेलं नसतं. वेष जितका हुबेहूब, तितका फलक मोठा. ‘रेडिओ लहरी, जवळ जाऊ नका’ असं टाकीवर लाल अक्षरांत रंगवलं की सुशोभीकरणाचं काय होतं, ते रंगाऱ्यालाच विचारा. तरी रंगवाच, आणि गच्चीची किल्ली कोण नेतं याची वही ठेवा.

टॉवर नेमका आहे काय, याबाबत न्यायालय आणि संसद यांचंही मत फिरलेलं आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मालमत्ता करापुरती त्याला इमारत ठरवलं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने म्हटलं की तो ज्या मालमत्तेवर बसला तिचा भाग धरू नये. तिसरं मत तुमचं: टाकी. करारावर सही करण्यापूर्वी कराचा बोजा कोणावर, हे वकिलाकडून लिहून घ्या.

टाकी उभी राहिल्यावर एप्रिलपर्यंत सगळं शांत असेल. मग पाणीकपात सुरू होईल आणि पहिली तक्रार येईल: नवी टाकी बसवूनही पाणी एकच वेळ का? सेक्रेटरींनी ‘व्हॉल्व्हचं काम बाकी आहे’ असं सांगावं. पावसाळ्यात दुसरी येईल. बोल्ट ठोकताना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे गच्चीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर, फोडलेला असतो, भोकं केमिकलने नीट भरलेली नसतात, आणि वरच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल धरते. काका प्लंबरला वर पाठवतील. तो टाकीभोवती दोनदा फिरेल, कॉक सापडला नाही म्हणून खाली येईल आणि टाकी रिकामी करायचे पाचशे रुपये वेगळे पडतील म्हणून सांगेल. द्या.