एरेक्थिऑनच्या त्या सहाजणी दासी नव्हेत

अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या एरेक्थिऑन देवळाचा तो फोटो तुम्हालाही आला असेल. डोक्यावर छत पेलून उभ्या असलेल्या सहा संगमरवरी स्त्रिया आणि खाली मजकूर: कॅरिए नावाच्या गावाने इराण्यांशी हातमिळवणी केली, म्हणून ग्रीकांनी तिथले पुरुष मारले, बायकांना दासी केले आणि त्यांची बेअब्रू कायम राहावी म्हणून त्यांना दगडात कोरून, ओझ्याने दबलेल्या अवस्थेत, छताखाली उभे केले. २४०० वर्षे झाली, त्या आजही शिक्षा भोगत आहेत. प्रवासवर्णनांतून आणि गाइडच्या तोंडूनही हीच कथा ऐकू येते. वाचताना गलबलून येते, हे खरे. पण या मूर्तींवर माझे फार प्रेम आहे, आणि त्यांच्यावर नसलेला गुन्हा लादलेला मला सोसत नाही.

आधी कथेचे मूळ. ती रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हियसची. एरेक्थिऑन बांधले गेले साधारण इ.स.पू. ४२१ ते ४०६ या काळात. व्हिट्रूव्हियसने लिहिले ते त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी, सम्राट ऑगस्टसच्या रोममध्ये. आणि खांबांच्या जागी स्त्रीमूर्ती का आल्या हे सांगणाऱ्या त्या उताऱ्यात एरेक्थिऑनचे नावच नाही. ती जोडणी नंतरच्या लोकांनी केली.

‘कॅरिएने इराण्यांना साथ दिली.’ कॅरिए होते ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, स्पार्टाच्या मुलखाच्या सीमेवर. इ.स.पू. ४८०-४७९च्या स्वारीत इराणी सैन्य पश्चिमेकडे मेगाराच्या पलीकडे, म्हणजे पेलोपोनीजमध्ये, गेलेच नाही. इराणच्या राजाला माती आणि पाणी देऊन शरण गेलेल्यांची यादी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने दिली आहे. तीत कॅरिए नाही. कॅरिएचा नाश झाला तो पुढे शंभरेक वर्षांनी, स्पार्टाला सोडून त्याच्या शत्रूकडे, थीब्जकडे गेल्यामुळे. तोवर एरेक्थिऑन उभे राहून कितीतरी वर्षे लोटली होती. व्हिट्रूव्हियसच्या कथेत या दोन काळांची सरमिसळ झालेली दिसते.

‘त्या शिक्षेतून ही पद्धत निघाली.’ हे तर डेल्फीला गेल्यावर तिथल्या तिथे खोटे ठरते. सिफ्नोस बेटाच्या लोकांनी तिथे देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवण्यासाठी बांधलेल्या कोशागाराच्या दाराशी दोन स्त्रीमूर्ती खांब म्हणून उभ्या होत्या. ते कोशागार इ.स.पू. ५२५च्या सुमाराचे, म्हणजे इराणी स्वारीच्या आधी जवळजवळ अर्धे शतक. शिक्षेच्या आधीच शिक्षेचे स्मारक कसे उभे राहील?

‘कॅरियाटिड म्हणजे कॅरिएची कैदी बाई.’ खांबाच्या जागी उभ्या केलेल्या अशा स्त्रीमूर्तीला कॅरियाटिड म्हणतात. एरेक्थिऑनच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यांत या मूर्तींना साधे ‘कोराई’ म्हटले आहे, म्हणजे कुमारिका, मुली. व्हिट्रूव्हियसच्या कथेतल्या बायका तर लग्न झालेल्या, घरंदाज. कॅरिए गावाची जुनी ओळखही वेगळीच होती: तिथे आर्टेमिस देवीचे स्थान होते आणि स्पार्टाच्या मुली दरवर्षी तिथे नाचायला जात.

आता मूर्तींकडेच पाहू, कारण सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे. ‘ओझ्याने दबलेल्या’ असे पोस्ट म्हणते. कुठे दबल्या आहेत? प्रत्येकीने एका पायावर भार घेतला आहे आणि दुसरा गुडघा सहज वाकवून पुढे सोडला आहे. डावीकडच्या तिघींचा भार उजव्या पायावर, उजवीकडच्या तिघींचा डाव्या पायावर. भाराच्या पायावरून वस्त्राच्या चुण्या सरळ खाली उतरतात, थेट खांबाच्या पन्हाळींसारख्या. मान हा अशा मूर्तीचा सगळ्यात नाजूक भाग. तिथे शिल्पकाराने जाड वेण्या आणि मोकळे केस पाठीवर सोडून दगडाची जाडी राखली. भार शृंगारात लपवला आहे, आणि इतक्या बेमालूम की तो आहे हेच आपण विसरतो.

हात तुटले आहेत, म्हणून अनेकांना त्या असहाय वाटत असाव्यात. पण इटलीत तिवोलीजवळ सम्राट हेड्रियनच्या प्रासादात १९५२ साली याच मूर्तींच्या रोमन प्रतिकृती सापडल्या. त्यांच्या हातात उथळ वाटी आहे, देवाला किंवा मृतांना अर्घ्य द्यायची. बांधकामाच्या हिशेबात या मूर्तींचा मंडप ‘केक्रोप्सच्या स्थानाजवळचा’ असा नोंदला आहे. केक्रोप्स हा अथेन्सचा पुराणातला पहिला राजा, त्याची समाधी तिथेच मानली जाई. या मुली त्याला अर्घ्य द्यायला उभ्या आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात आणि मलाही तेच पटते.

डोक्यावर काही घेतले की ती शिक्षाच, असे आपण तरी म्हणू नये. वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणारी बाई कुणाची कैदी असते? अथेन्समध्येही उत्सवाच्या मिरवणुकीत डोक्यावर टोपली न्यायचा मान चांगल्या घरच्या कुमारिकांना मिळे. हार्मोडियस नावाच्या अथेन्सच्या तरुणाच्या बहिणीला या मानासाठी बोलावून ऐनवेळी नाकारले, आणि तो अपमान इ.स.पू. ५१४मध्ये अथेन्सच्या हुकूमशहाचा भाऊ हिपार्कस याच्या खुनापर्यंत गेला.

कैद्यांना खांब करण्याची कल्पना ग्रीकांना अगदीच परकी होती असेही नाही. स्पार्टात इराणी कैद्यांच्या मूर्तींनी छत पेललेला मंडप होता, असे व्हिट्रूव्हियसच त्याच ठिकाणी सांगतो. सिसिलीत अक्रागासला झ्यूसच्या देवळात साडेसात मीटर उंचीचे पुरुष हात डोक्यामागे दुमडून भार पेलत होते. तिथे ताण दिसतो, दंड आणि मान वाकलेली दिसते. ते एकदा पाहून मग या सहाजणींकडे पाहा.

राहिले ते ‘आजही’. १९७९मध्ये प्रदूषणापासून वाचवण्यासाठी मूर्ती छताखालून काढून संग्रहालयात नेल्या. फोटोत दिसतात त्या प्रतिकृती. खऱ्या पाचजणी अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयात आहेत. सहावी ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून नेली, ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. अथेन्सच्या संग्रहालयात तिची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे मूर्तींच्या भोवती फिरता येते. गेलात तर समोरून फोटो काढून परतू नका, मागे जा आणि त्या वेण्या पाहा.