झाकली मूठ

‘अज्ञानात सुख असतं’ हे मला पूर्वी अगदी पटायचं. मोठ्या आत्याच्या आजारपणानंतर अर्धंच पटतं.

आत्याला कॅन्सर आहे हे तिला सोडून आम्हा सगळ्यांना कळलं. डॉक्टर तिच्या मुलाला बाजूला घेऊन बोलले, त्यानं आम्हाला सांगितलं आणि ‘साधी गाठ आहे’ एवढंच तिच्या कानावर घालायचं ठरलं. फाइल कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात गेली. तिथे तिचा हात पोचत नसे. चार महिने ती मजेत होती, हे मी नाकारणार नाही. हसायची, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायची.

धाकट्या बहिणीशी मात्र तिचा जुना अबोला होता. कारण इतकं फुटकळ की इथे लिहायलाही लाज वाटावी. एकदा मी तिचे पाय चेपत बसलो होतो, तर म्हणाली, “बरी झाले की मीच फोन करते तिला. अशा आजारी आवाजात नको, तिला वाटेल कीव मागतेय.” मी म्हटलं, “हो, करूच.” ती बरी होणार नाही हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. निदान तेव्हा मी तसं धरून चाललो होतो. तो फोन झालाच नाही.

आपणहून डोळे मिटणं वेगळं आणि दुसऱ्यानं येऊन आपले डोळे बांधणं वेगळं. माझा राग दुसऱ्यावर आहे, आणि त्या दुसऱ्यांत मीही होतो.

१९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका पाहणीत सुमारे ९० टक्के जण म्हणाले होते की, कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगणं आम्ही टाळतो. १९७९ मध्ये तसंच पुन्हा विचारलं, तर ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत पेशंटांची काळजं काही दगडाची झाली नव्हती. बदलले होते ते डॉक्टर.

आता दुसरी बाजू. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार आई किंवा वडिलांना असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. बरं करणारं औषध अजूनही नाही. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. त्या शोधात आघाडीवर असलेल्या नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजारानं गेली होती. पण तपासणी हाताशी आली, तेव्हा ती करून घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं. २०२० मध्ये त्यांनी आपल्यालाही तो आजार असल्याचं जाहीर केलं. त्यांना पळपुट्या कोण म्हणेल? मुठीत काय असू शकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि मूठ त्यांनी स्वतः झाकली होती.

झाकलेलं झाकलेलंच राहतं असंही नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन. त्यांचा स्वतःचा जिनोम, म्हणजे डीएनएचा सगळा मजकूर, जाहीर करायची वेळ आली, तेव्हा अल्झायमरशी जोडलेलं एक जनुक तेवढं वगळा, मलाही सांगू नका, असं ते म्हणाले. त्यांच्या आजीला तो आजार होता. जनुक वगळलं. मग इतर शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की शेजारच्या मजकुरावरून वगळलेलं ओळखता येतं! शेवटी आजूबाजूचा भागही काढावा लागला.

आमच्या घरी तो आजूबाजूचा मजकूर कोण काढणार होतं? फोन आला की आम्ही गॅलरीत पळायचो. आयुष्यभर सासूशी वाद घालणारी सून अचानक “तुम्ही म्हणाल तसं” म्हणू लागली होती. आत्यानं यावरून काही ओळखलं असेल का? असेल, तर ते बोलायला तिला घरात माणूसच उरलं नव्हतं. ती बोलायला लागली की आम्हीच विषय बदलायचो.

काहींना खरंच कळून घ्यायचं नसतं, मान्य. मग विचारा की त्यांनाच. “किती सांगू?” एवढे दोन शब्द. आम्हा सात-आठ जणांपैकी एकालाही ते सुचले नाहीत.

धाकटी आत्या आता अधूनमधून मला फोन करते. इकडचं तिकडचं बोलून झालं की विचारते, “तुला माहीत होतं ना रे?”

मी हो म्हणतो. मग बराच वेळ कुणीच फोन ठेवत नाही.